डिस्कसची पिल्लं आईबापांजवळ वाढवताना: काय द्यावं, कधी आणि किती

प्रश्न असा आहे. दोन फुटी टाकीत पिजन ब्लड या फिकट जातीच्या डिस्कस माशांची जोडी आहे. अंडी फुटतात, पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्लं पोहायला लागतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत शंभरावरून दहा-पंधरावर येतात. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक आणि पिल्लांची पावडर दिवसातून चार वेळा दिली जाते आहे. तरीही मरतात, तर काढून वेगळी वाढवावीत का?

काढू नका. आणि बलक व पावडर आजच बंद करा. पोहायला लागल्यावर पहिले तीन-चार दिवस डिस्कसच्या पिल्लांचं सगळं खाणं आईबापांच्या अंगावर असतं. नर आणि मादी दोघांच्याही कातडीवर दाट चिकट स्राव येतो आणि पिल्लं तोच टिपून खातात. या दिवसांत तुम्ही टाकलेलं काहीही त्यांच्या पोटात जात नाही, ते पाण्यात कुजतं. ३० अंशांच्या पाण्यात बलक दोन-तीन तासांत सडायला लागतो. पाणी दुधाळ होतं, अमोनिया वाढतो, आईबाप जोरात श्वास घ्यायला लागतात आणि अस्वस्थ आईबाप पिल्लं झटकतात किंवा गिळतात. म्हणजे पिल्लांना जगवण्यासाठी जे घातलं जातं, तेच त्यांना मारतं.

पण तो स्राव शेवटपर्यंत पुरत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली डिस्कसच्या स्रावाचा आणि वागण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंडी घातली की स्रावात प्रथिनं आणि प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी द्रव्यं) खूप वाढतात, गाईच्या चिकासारखी. तिसऱ्या आठवड्यात मात्र ती कमी होतात, पिल्लांचं चावणं वाढत जातं, आणि तीन आठवड्यांच्या आसपास आईबाप पिल्लांना दूर करायला लागतात. पिल्लांना खायला घालण्याचं सगळं वेळापत्रक यावरून ठरतं. सुरुवातीला काही घालायचं नाही. स्राव पातळ होण्याआधी मात्र पिल्लांना जिवंत आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या बारीक जिवाची) सवय लागलेली हवी. उशीर केला तर भुकेली पिल्लं आईबापांची कातडी सोलतात, आईबाप पळायला लागतात आणि घडी विस्कटते.

आता तुमची पिल्लं नेमकी कशाने जातात ते पाहू. संख्येवरून कळत नाही, प्रेतांवरून कळतं. सकाळी तळाशी दोऱ्यासारखी बारीक, पोट आत गेलेली पिल्लं दिसली तर ती उपाशी मेली. एकही प्रेत नाही आणि रात्रीतून तीस-चाळीस नाहीशी झाली, तर ती बहुतेक खाल्ली गेली. एखादं लहान प्रेत आईबापही खातात, म्हणून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ टॉर्च लावून बघा. पिल्लं कुठे आहेत तेही पाहा: आईबापांच्या कुशीवर, की स्पंज फिल्टरवर, हीटरवर, अंडी घालायला ठेवलेल्या कोनावर, कोपऱ्यात?

पिजन ब्लड जोडीत पहिला संशय यावरच जातो. डिस्कसचं पिल्लू आईबापांना ओळखून त्यांच्याकडे जात नाही, ते जवळच्या गडद आकाराकडे जातं. टर्क्वाइज किंवा ब्राऊन डिस्कस पिल्लांच्या काळात चांगले काळपट पडतात, त्यामुळे पिल्लांना ते लगेच सापडतात. पिजन ब्लड आणि त्यापासून काढलेल्या लाल, पिवळ्या, पांढरट जातींना तसं गडद होता येत नाही. मग टाकीतली सर्वांत गडद वस्तू म्हणजे काळा स्पंज किंवा हीटर ठरतो. पिल्लं तिथे चिकटून बसतात आणि दोन-तीन दिवसांत उपाशी मरतात. बाहेरून बघणाऱ्याला ती सुखरूप टेकलेली वाटतात.

उपाय सोपा आहे, पण तो पिल्लं पोहण्याच्या आदल्या दिवशी करायचा. टाकीच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि खाली पांढरा कागद लावा. पार्श्वभूमी जितकी उजळ, तितकी फिकट जोडीही त्यापुढे गडद दिसते. काळा स्पंज काढून पिवळट किंवा पांढरा बसवा, मात्र तो आधी महिनाभर दुसऱ्या टाकीत चालवून जिवाणू बसलेला हवा. नवा कोरा स्पंज चालणार नाही. तो नसेल तर काळाच स्पंज राहू द्या आणि त्यापुढे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीचा आडोसा करा. हीटर कोपऱ्यात तळाजवळ आडवा ठेवा. सगळी पिल्लं उठून पोहायला लागली की अंड्यांचा कोन काढून घ्या. अर्धी पिल्लं अजून कोनावर वळवळत असतील तर घाई करू नका, अर्धा-एक दिवस थांबा.

पाण्याची उंची दहा-बारा इंचांवर आणा. पिल्लांना आईबापांना फार शोधावं लागत नाही आणि आईबाप जवळ राहतात. हीटर पूर्ण बुडालेला आहे ना ते बघा, नाहीतर काच तडकते. हवेचा नळ इतका मंद करा की बुडबुड्यांची एकच सावकाश रांग येईल. अर्धा सेंटिमीटरचं पिल्लू प्रवाहात वाहून गेलं की परत येता येता थकतं. हँग-ऑन किंवा पॉवर फिल्टर या टाकीत नकोच, तो पिल्लं ओढून घेतो.

दुसरं कारण अंधार. रात्री दिवा एकदम बंद केला की आईबाप दचकून पळतात, पिल्लं पसरतात आणि अंधारात त्यांना कुणी सापडत नाही. पहिले दहा दिवस खोलीत किंवा टाकीवर झीरोचा मंद दिवा रात्रभर ठेवा. लोडशेडिंग असेल तिथे बॅटरीवरचा एअर पंपही जवळ असू द्या. गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो, त्यात हवा बंद पडली की आईबाप धापा टाकायला लागतात आणि पिल्लांकडे लक्ष राहत नाही.

पिल्लं नीट लागली आहेत हे ओळखायचं कसं? पोहायला लागल्यापासून चोवीस तासांत बहुतेक पिल्लं आईच्या किंवा बापाच्या पाठीवर, कुशीवर, परांच्या मुळाशी दिसायला हवीत. त्यांचं पोट दुधाळ आणि गोल दिसतं. पालटण्याची वेळ जरूर बघा. ज्याच्या अंगावर पिल्लं असतात तो जवळजवळ स्थिर उभा राहतो. दुसरा येऊन त्याला समांतर, अगदी लगत थांबतो. मग पहिला अंगाला एक जोरदार हिसका देऊन पुढे निसटतो, पिल्लांचा ढग क्षणभर पाण्यात लोंबकळतो आणि वळून दुसऱ्याच्या कुशीला लागतो. ही अदलाबदल शांतपणे चालली असेल तर टाकीत हात घालू नका.

कधी दोघांनाही पिल्लं स्वतःकडेच हवी असतात. मग एकमेकांना ढुशा मारणं सुरू होतं आणि त्या गोंधळात पिल्लं गिळली जातात. अशा वेळी मध्ये जाळी घाला. जो शांत उभा राहतो त्याच्याकडे पिल्लं ठेवा आणि दुसऱ्याला एका दिवसानंतर परत सोडून बघा. पुन्हा भांडण झालं तर त्याला पंधरा दिवस पलीकडेच राहू द्या. एकटी मादी किंवा एकटा नर साठ-सत्तर पिल्लं सांभाळू शकतो, फक्त आर्टेमिया एक दिवस आधी सुरू करावा लागतो.

आणि आईबापांना उपाशी ठेवू नका. पाणी घाण होईल या भीतीने अनेक जण या काळात त्यांचं खाणं तोडतात. स्राव तयार होतो तो त्यांच्या खाण्यातूनच. दिवसातून तीन वेळा थोडं थोडं द्या: गोठवलेले ब्लडवर्म, कोळंबीचा बारीक कीस, माशांच्या खाद्याचे चांगल्या प्रतीचे दाणे. दहा मिनिटांत जे उरेल ते नळीने काढून टाका. दुकानात जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) स्वस्त मिळतो, पण तो गटाराच्या पाण्यात वाढलेला असतो आणि सोबत जिवाणू आणि परजीवी आणतो. पिल्लांच्या टाकीत तो कधीही घालू नका.

आर्टेमियाकडे येऊ, कारण पिल्लांचं खरं पहिलं बाहेरचं अन्न तेच. अंडी चांगल्या प्रतीची घ्या. सुटी, उघड्या बरणीतली अंडी निम्मीसुद्धा फुटत नाहीत. डबा उघडल्यावर घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, ओल लागली की संपलं. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा, तोंड बंद करा. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ वजन करून घाला, चिमूटभर खाण्याचा सोडा घाला म्हणजे पीएच आठच्या वर राहील. पहिल्या आठवड्यात एका बाटलीला पाव चमचा अंडी शंभर पिल्लांना भरपूर होतात. हवेची नळी बाटलीच्या अगदी निमुळत्या टोकापर्यंत पोचवा आणि हवा जोरात सोडा, अंडी तळाशी बसता कामा नयेत. वर दिवा लावा. २८ अंशांना अठरा ते चोवीस तासांत नारिंगी पिल्लं फुटतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत छत्तीस तास लागले तर अंडी खराब आहेत असं समजू नका; बाटली हीटर लावलेल्या बादलीत ठेवा.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. फुटलेली टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला जातात आणि जिवंत आर्टेमिया दिव्याकडे जमतो. दिवा खालच्या बाजूला, तळापासून थोडा वर धरा आणि तिथून नळीने ओढून बारीक जाळीतून किंवा दाट सुती कापडातून गाळा. मग साध्या गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं तुंबतं, पोट फुगतं आणि पिल्लू डोकं वर करून गोल फिरत मरतं. म्हणून पहिला तळाचा भाग आणि वरचा तवंग टाकूनच द्या. मीठ धुण्याचा आळस केला तर रोजच्या चार खाण्यांतून टाकीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढत जातो, हे मीटर लावल्याशिवाय लक्षात येत नाही.

ताजा फुटलेला आर्टेमियाच का? त्याच्या पोटातला बलक हेच पिल्लाचं पोषण. सात-आठ तासांत तो कात टाकतो, बलक वापरून टाकतो आणि आकारानेही मोठा होतो. उरलेला भांड्यात पातळ थर करून फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो. सर्वांत सोयीचं म्हणजे दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावणं, सकाळी एक आणि रात्री एक.

पोहण्याच्या चौथ्या दिवशी पहिला आर्टेमिया द्या. ड्रॉपरने अगदी थोडा, सात-आठ थेंब, तोही आईबापांच्या कुशीजवळ, पिल्लांच्या ढगातच सोडा. टाकीभर पसरला तर पिल्लं त्याच्यामागे जात नाहीत, ती अंग सोडून लांब जायला तयार नसतात. दहा मिनिटांनी टॉर्च लावून पोटं बघा. नारिंगी पोटाची पाच-दहा पिल्लं दिसली तरी पहिल्या दिवसाला तेवढं पुरे. पाचव्या-सहाव्या दिवशी दोन वेळा द्या. सातव्यापासून चार वेळा, आणि तोपर्यंत जवळजवळ सर्वांची पोटं नारिंगी दिसायला हवीत. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तास जगतो, नंतर मरून तळाशी गुलाबी थर होतो. तो थर म्हणजे तुम्ही जास्त घालता आहात. पोट गोल झालं की थांबा. फुगून नगाऱ्यासारखं झालेलं पोट चांगलं लक्षण नाही, अशी पिल्लं पुढच्या खाण्यापर्यंत मरतातसुद्धा.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून एका खाण्यात बारीक दळलेले दाणे चिमटीने द्यायला हरकत नाही, पण तीन आठवडे मुख्य अन्न आर्टेमियाच. आर्टेमिया परवडत नाही म्हणून पावडरवर नेलेली पिल्लं जगतात, पण उंचीने कमी राहतात, डोळे मोठे आणि अंग लहान दिसतं. ती कमतरता पुढे भरून निघत नाही.

पाण्याचं थोडं. अंड्यांच्या वेळी मऊ पाणी लागतं, टीडीएस १०० ते १५० आणि पीएच साडेसहाच्या आसपास. पिल्लं पोहायला लागल्यावर त्या मऊपणाची गरज उरत नाही. उलट नुसतं आरओचं पाणी भरत राहिलात तर खाण्याची घाण आणि मऊ पाणी मिळून पीएच एका रात्रीत साडेपाचाखाली घसरतो, आणि स्पंजमधले जिवाणूही मंदावतात. पहिल्या आठवड्यानंतर नळाचं पाणी हळूहळू मिसळत दोन आठवड्यांत त्यावर या. बोअरचं पाणी फार जड असेल तर निम्मं आरओ मिसळा. तापमान २९ ते ३०.

पिल्लं अजून वळवळती असताना पाणी बदलू नका. पोहायला लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दहा-पंधरा टक्के, आर्टेमिया सुरू झाला की पंचवीस, दुसऱ्या आठवड्याअखेर चाळीस टक्के बदला. नवं पाणी एक दिवस हवा देऊन मुरवलेलं, क्लोरीन काढलेलं आणि तापमानाने अर्ध्या अंशाच्या आत जुळणारं हवं. काढताना एअर पंपाची बारीक नळी वापरा आणि पांढऱ्या टबात सोडा, म्हणजे ओढली गेलेली पिल्लं दिसतात आणि चमच्याने परत टाकता येतात. जाळ्याने उचलू नका. पाणी भरताना नळीतून थेंब-थेंब भरा. एकदम ओतलेल्या बादलीने पिल्लं आईबापांपासून सुटतात.

आईबाप केव्हा थकले हे तेच सांगतात. पिल्लं आली की दर मिनिटाला हिसके देणं, पाण्याच्या वरच्या थरात पळून राहणं, पाठीवर आणि परांच्या कडांना पांढरट ओरखडे, किंवा नराने पुन्हा कोन साफ करायला घेणं. साधारणपणे हे अठरा ते एकवीस दिवसांत होतं. कुशीवर लाल ठिपके दिसले तर दिवस मोजत बसू नका, पिल्लं काढा. बारा दिवसांची पिल्लंसुद्धा आर्टेमियावर चांगली लागलेली असतील तर जगतात. आठवड्याच्या आतली मात्र बहुधा नाही. अंड्याच्या पावडरीच्या लेपावर डिस्कसची पिल्लं आईबापांशिवाय वाढवण्याची पद्धत अमेरिकेत जॅक वॉटली यांनी रुळवली. पण त्यात दिवसातून अनेक वेळा सगळं पाणी बदलावं लागतं. घरच्या टाकीवर हा मार्ग धरू नका.

काढताना एकदम तोडू नका. मध्ये जाळी घालून दिवसा पिल्लं एका बाजूला ठेवा आणि आर्टेमिया द्या, रात्री दोन-तीन तास आईबापांकडे सोडा. दोन दिवसांत ती खाण्याच्या वेळी ड्रॉपरकडे यायला लागतात. त्यानंतर पिल्लं मगाने पाण्यासकट उचलून, टाकीतल्याच पाण्याने अर्धी भरलेल्या वेगळ्या टाकीत हलवा, सोबत जुना स्पंज द्या. पिल्लं शंभर असतील तर किमान ऐंशी लिटर पाणी, दिवसातून पाच-सहा वेळा खाणं आणि रोज निम्मं पाणी बदलणं. एवढं जमणार नसेल तर पिल्लं कमी ठेवा, पण वाढवाल ती नीट वाढवा.

पिल्लं चांगली खात असून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकेक करून मरत असतील, एक कल्ला बंद ठेवून जोरात श्वास घेत असतील, तर कल्ल्यातले फ्लूक म्हणजे बारीक कृमी असण्याची शक्यता मोठी. ते आईबापांकडूनच येतात. इतक्या लहान पिल्लांवर औषध घालणं धोक्याचं, म्हणून औषध जोडीला अंड्यांआधी द्यायचं. प्राझिक्वांटेल लिटरला दोन मिलिग्रॅम, म्हणजे १२० लिटरच्या टाकीला २४० मिलिग्रॅम, थोड्या पाण्यात चांगलं हलवून घाला, दोन दिवसांनी निम्मं पाणी बदला आणि आठवड्याने पुन्हा एकदा द्या. पहिल्या मात्रेतून वाचलेली कृमींची अंडी तोवर फुटलेली असतात.

बाकी सिक्लिडना (डिस्कसच्याच कुळातल्या माशांना) हे वेळापत्रक लावू नका. एंजल, क्रिबेन्सिस, कॉन्व्हिक्ट हेही पिल्लं सांभाळतात, पण राखण म्हणून; पिल्लांचं पोट ते अंगावर भरत नाहीत. त्यांच्या पिल्लांना पोहायला लागल्या दिवसापासूनच आर्टेमिया हवा, डिस्कससारखे चार दिवस थांबलात तर ती उपाशी मरतील. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांतला ऑरेंज क्रोमाइड मधल्या गटातला. त्याची पिल्लं आईबापांच्या अंगाला चाटून जातात, स्राव खातातही, पण नुसत्या त्यावर जगत नाहीत. त्यांनाही पहिल्या दिवसापासून आर्टेमिया द्या.

पिल्लं काढल्यावर तुमची जोडी आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालेल. ओरखडे भरलेले नसतील तर मध्ये जाळी घालून तीन आठवडे वेगळी ठेवा, दिवसातून तीन वेळा खायला द्या आणि कातडी पुन्हा तुळतुळीत झाल्यावरच जाळी काढा.